नव्या हृदयाचे ठोके मंद का? पेसमेकर ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे मोठे भाऊ ४१ वर्षांचे, टॉवेलच्या यंत्रमागांचा छोटा कारखाना चालवणारे. हृदयाचा स्नायू कमकुवत होत गेला म्हणून पाच आठवड्यांपूर्वी पुण्यात त्यांचं हृदय प्रत्यारोपण झालं. त्याआधी तीन वर्षं डाव्या खांद्याखाली आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर आतून शॉक देणारं यंत्र) होतं आणि ठोक्यांचा बिघाड आवरणाऱ्या अमिओडॅरोनच्या गोळ्या चालू होत्या. ताई लिहितात: "नवं हृदय चांगलं पंप करतंय, बायोप्सीत रिजेक्शन नाही. पण अण्णाची नाडी ५०-५५ च्या पुढे जात नाही. जिना चढताना थांबावं लागतं. एकदा बाथरूममध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यापर्यंत फरक पडला नाही तर कायमचा पेसमेकर बसवू. आई रडतेय, म्हणते, दुसऱ्याचं हृदय कमजोरच निघालं. मामा म्हणतात, ५५ नाडी तर खेळाडूंचीही असते, उगाच मशीन घालू नका. आम्ही काय करावं?"

ताई, आधी आईंकडे जा आणि सांगा की हृदय कमजोर निघालेलं नाही. पंप करणारा स्नायू वेगळा आणि ठोके देणारी गाठ वेगळी. अण्णांचा स्नायू उत्तम चालला आहे, हे इकोत दिसलं. बायोप्सीही, म्हणजे हृदयाचा बारीकसा तुकडा काढून केलेली तपासणीही, स्वच्छ आहे; रिजेक्शन नाही, म्हणजे शरीर नव्या हृदयावर हल्ला करत नाही. मंदावली आहे ती ठोक्यांची सुरुवात जिथून होते ती जागा, आणि ती कशामुळे मंदावते हे आम्हाला पुष्कळसं माहीत आहे. ज्या कुटुंबाने आपल्या दुःखाच्या रात्री हे हृदय दिलं, त्यांच्या दानात काही खोट होती असं आईंच्या मनात राहायला नको. म्हणून ही गोष्ट सगळ्यांत आधी लिहिली.

मामांचा मुद्दाही सोडवायला हवा, कारण तो ऐकायला बरोबर वाटतो. तुमच्या-माझ्या हृदयाला मेंदूकडून दोन प्रकारच्या नसा येतात. एक वेग वाढवणारी, दुसरी, जिला आम्ही व्हेगस म्हणतो, लगाम खेचून धरणारी. आपण शांत बसलेलो असताना नाडी ७० असते ती या लगामामुळे. प्रत्यारोपणात हृदय काढताना या सगळ्या नसा कापल्या जातात आणि त्या जोडता येत नाहीत. लगाम गेलेलं हृदय आपल्या मूळ वेगाने धावतं. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या निरोगी हृदयाची नाडी बसल्या जागी ९० ते ११० असते आणि ती तशीच असायला हवी. धावपटूची ५५ ही लगाम घट्ट असल्याची खूण आहे. अण्णांच्या हृदयाला लगामच नाही, तरी ५५ आहे. म्हणजे गाठ स्वतःच मंद चालली आहे. मामांना हे असंच सांगा, पटेल.

ही गाठ, म्हणजे सायनस नोड, हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरच्या कोपऱ्यात असते. शरीराच्या वरच्या भागातलं रक्त आणणारी मोठी शीर जिथे हृदयाला मिळते, अगदी त्या सांध्यावर. सर्जनला टाके घालायचे असतात तेही त्याच परिसरात. तिला रक्त पुरवणारी धमनी बारीक असते, ती ताणली गेली किंवा तिच्याभोवती सूज आली तरी गाठ रुसते. शिवाय हृदय एका शरीरातून निघून दुसऱ्यात धडधडू लागेपर्यंत ते बर्फाच्या थंडाव्यात, रक्ताशिवाय असतं. हा काळ साधारण चार तासांच्या आत ठेवायची धडपड असते. सोलापूर ते पुणे रस्त्याने अडीचशे किलोमीटर आहे. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या दात्याचं हृदय पुण्याला न्यायचं तर एकेक मिनिट का मोजलं जातं आणि रस्ते का मोकळे केले जातात, ते यावरून कळेल. स्नायू हा काळ सोसतो. ही इवलीशी गाठ मात्र लवकर दुखावते.

पूर्वी ही दुखापत जास्त व्हायची. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं माणसात पहिलं प्रत्यारोपण केलं. दोन-अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासच जगला, पण केवढं धाडस होतं ते. आपल्या देशात पहिलं यशस्वी प्रत्यारोपण व्हायला ३ ऑगस्ट १९९४ उजाडला, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. सुरुवातीची बरीच वर्षं रूढ असलेल्या पद्धतीत रुग्णाच्या जुन्या हृदयाच्या वरच्या दोन्ही कप्प्यांचा मागचा भाग तसाच ठेवून त्याला नवं हृदय जोडत. जोडणी सोपी, पण उजव्या कप्प्यात लांबलचक टाके यायचे. नव्वदच्या दशकात दुसरी पद्धत रुळली: उजवा कप्पा पूर्ण नवा ठेवायचा आणि वरची-खालची मोठी शीर वेगवेगळी जोडायची. तिला बायकॅव्हल म्हणतात. जुन्या पद्धतीत काही केंद्रांच्या नोंदींत शंभरातल्या पंधरा-वीस जणांनाही कायमचा पेसमेकर लागल्याचं दिसतं. बायकॅव्हलमध्ये हे प्रमाण शंभरात दोन-पाचवर आलं. अण्णांची कोणती पद्धत झाली ते डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असेल. ते बघून ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: अमिओडॅरोन. हे औषध चरबीत साठतं आणि शरीरातून निघायला आठवडे, कधी महिने घेतं. जुनं हृदय गेलं तरी औषध अण्णांच्या शरीरात होतंच, आणि नव्या हृदयाला ते पहिल्या दिवसापासून मिळत राहिलं. ठोके मंदावणं हेच त्याचं काम. प्रत्यारोपणाआधी अमिओडॅरोन घेतलेल्यांमध्ये नंतर नाडी मंद राहण्याचा त्रास जास्त दिसतो. म्हणजे अण्णांच्या मंद नाडीचं एक संभाव्य कारण असं आहे, जे दर आठवड्याला थोडं थोडं आपोआप ओसरतं आहे. डॉक्टर थांबले आहेत ते यासाठीही.

आता माझं मुख्य म्हणणं. मी २३ वर्षं सोलापुरात हृदयरोगाची प्रॅक्टिस करतो. प्रत्यारोपण मी करत नाही, पण ते करून परत आलेली माणसं इथे माझ्याकडे येतात, काही जण पंधरा दिवसांनी, काही रात्री दोन वाजता. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी मंद आहे असं कळलं की मी पहिला प्रश्न विचारतो: कधीपासून? नाडी ४० आहे की ५०, हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा. पहिल्या काही आठवड्यांतली मंद नाडी आणि दोन वर्षांनी आलेली मंद नाडी ईसीजीवर हुबेहूब सारखी दिसू शकते. आजार मात्र दोन वेगळे असतात.

अण्णांचं पहिल्या प्रकारातलं आहे, तर ते आधी पूर्ण करू.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत नवं हृदय थोडं ताठर असतं. ते एका ठोक्यात जास्त रक्त फेकू शकत नाही, म्हणून शरीराची गरज ठोक्यांच्या संख्येवर भागवावी लागते. आयसीयूत अण्णांच्या छातीतून दोन बारीक तारा बाहेर आलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या तात्पुरत्या पेसिंगच्या तारा. त्यांच्यावर किंवा ठोके वाढवणाऱ्या आयसोप्रेनलिनच्या ड्रिपवर नाडी ९०-१०० ठेवली जाते. मग तारा काढतात आणि गरज असेल तर थिओफिलिनच्या गोळ्या सुरू करतात. दम्याचं हे जुनं औषध गाठीला जागं करायला उपयोगी पडतं. अण्णांना ते चालू असेल तर हात थरथरणं, झोप न येणं, मळमळ हे त्याचे त्रास आहेत, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकने त्याची रक्तातली पातळी वाढते. जुलाब झाले म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही.

किती दिवस थांबायचं? युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत याचं उत्तर आहे: हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा प्रत्यारोपणानंतर गाठच मंद असेल तर कायमचा पेसमेकर बसवण्याआधी सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहण्याचा विचार करावा. गाठ ठीक आहे पण वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात संदेशच पोचत नाही, म्हणजे ज्याला आम्ही पूर्ण ब्लॉक म्हणतो, तिथे हा हिशेब लागू नाही. त्यात किमान पाच दिवस पाहतात आणि सुधारलं नाही तर पेसमेकर बसवतात, कारण तिथे धोका मोठा असतो. तुमच्या डॉक्टरांनी पुढचा आठवडा म्हटलं, म्हणजे ते बरोबर सहाव्या आठवड्यापर्यंत थांबत आहेत. त्यात मला कुठेही घाई दिसत नाही.

त्या बाथरूममधल्या अंधारीबद्दल मात्र मला काळजी आहे. ती डॉक्टरांना सांगितली का? नक्की कधी, उठताना की उभं असताना, घाम होता का, पडले का, हे सगळं? सांगितलं नसेल तर आजच फोन करा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. २४ तासांच्या होल्टर तपासणीत (अंगावर लावून ठेवलेल्या ईसीजीत) ठोक्यांमध्ये लांब खंड दिसले किंवा शुद्ध हरपण्यासारखं पुन्हा झालं, तर सहा आठवड्यांचं कॅलेंडर बाजूला ठेवावं लागतं. वाट पाहण्याची मुभा ज्याला चक्कर येत नाही त्याला असते.

दुसऱ्या प्रकाराची गोष्ट मी एका माणसाच्या निमित्ताने सांगतो, कारण ती तुम्हाला पुढची अनेक वर्षं लागणार आहे. काही वर्षांपूर्वी, जानेवारीत, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत एक गृहस्थ माझ्याकडे आले. प्रत्यारोपणाला दोन वर्षं होऊन गेली होती, तब्येत छान होती, नाडी कायम ९५ असायची. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, नातवंडांना फिरवताना दम लागला, घेरी आली. नाडी ४२. आधी ज्यांनी तपासलं त्यांनी सरळ पेसमेकरचा सल्ला देऊन चिठ्ठी दिली होती. माणूस घाबरलेला, मुलगा पैसे भरायला तयार. मी तात्पुरता पेसमेकर लावून त्यांना त्याच रात्री रुग्णवाहिकेतून त्यांच्या प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवलं. बायोप्सीत रिजेक्शन निघालं. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस दिले, गोळ्यांचं प्रमाण बदललं आणि नाडी पुन्हा नव्वदीत आली. कायमचा पेसमेकर लागलाच नाही. इथे नुसता पेसमेकर बसवून घरी पाठवलं असतं तर आकडा सुधारला असता, आणि आत शरीर हृदयावर हल्ला करत राहिलं असतं.

म्हणून उशिरा मंदावलेल्या नाडीत आधी दोन गोष्टी शोधायच्या. एक रिजेक्शन. दुसरी, नव्या हृदयाच्या धमन्या आतून जाड होत जाणं. हा आजार आपल्या नेहमीच्या ब्लॉकेजसारखा एखाद्या ठिकाणी नसतो, तो धमनीभर पसरतो. आणि नसा कापलेल्या असल्यामुळे छातीत दुखतच नाही, निदान बहुतेकांना नाही. नेहमीच्या हृदयरोग्याला छातीत कळ येते, तो दवाखाना गाठतो. प्रत्यारोपण झालेल्याला नुसता दम, थकवा किंवा एकदम आलेली चक्कर, एवढीच सूचना मिळते. ठराविक काळाने अँजिओग्राफी करा असं केंद्र सांगतं ते यामुळे. "काही त्रास नाही तर कशाला?" म्हणून ती टाळणारी माणसं मला भेटतात तेव्हा जीव तुटतो.

आता समजा, पुढच्या आठवड्यात अण्णांची नाडी तशीच राहिली आणि पेसमेकर ठरला. साधारण हृदयरोग्यापेक्षा इथे चार गोष्टी जास्त बघाव्या लागतात आणि त्या तुम्ही विचाराव्यात असं मला वाटतं. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

अण्णांना खरी गरज वरच्या कप्प्यातल्या तारेची आहे. गाठ मंद आहे, खालचा रस्ता मोकळा आहे. वरून ठोका दिला की तो आपल्या नैसर्गिक वाटेने खाली जातो. खालच्या कप्प्यात तार लागलीच, तर ती फक्त राखीव राहावी, सतत चालू नये, असं यंत्र सेट करता येतं. कारण उजव्या खालच्या कप्प्यातून कायम ठोका देत राहिलं तर काही जणांत पंपाची ताकद वर्षांनुवर्षं हळूहळू कमी होते, आणि जे हृदय एवढ्या कष्टाने मिळालं त्याच्यावर हा भार कशाला? यंत्रात हालचाल ओळखणारा सेन्सर असावा हेही महत्त्वाचं. नसा नसल्यामुळे अण्णांचं हृदय जिन्यावर लगेच वेग घेत नाही. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन वाढलं की मग घेतं, आणि काम थांबल्यावरही बराच वेळ वेगातच राहतं. सेन्सर पावलांची हालचाल ओळखून ठोके आधीच वाढवतो. जिन्यावर थांबावं लागतं, ही तुमची तक्रार बहुधा यातूनच सुटेल.

ऑपरेशन जुन्या पद्धतीचं असेल तर आणखी एक गंमत असते, जी मला आजही थक्क करते. अण्णांच्या जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा तुकडा आत शिल्लक असतो आणि त्याच्या नसा शाबूत असतात. तो आपल्या जुन्या चालीने ठोके देत राहतो, पण त्याचे ठोके टाक्यांची रेघ ओलांडून नव्या हृदयात जात नाहीत. ईसीजीवर मग दोन वेगवेगळ्या पी लहरी, म्हणजे वरच्या कप्प्याच्या ठोक्याच्या खुणा, दिसतात, एक जुन्या अण्णांची, एक नव्या हृदयाची. ज्याला हे माहीत नाही तो ईसीजी वाचताना फसतो, मशीनवर छापून येणारं निदान तर फसतंच. पेसमेकरची तार चुकून जुन्या तुकड्यात रोवली तर ती जुन्याचे ठोके ऐकत बसेल आणि नव्याला एकही ठोका पोचणार नाही. म्हणून तार नव्या कप्प्यातच बसली आहे याची टेबलावर खात्री करावी लागते. बायकॅव्हल असेल तर हा प्रश्नच येत नाही. ऑपरेशन नोट जपून ठेवा म्हटलं ते याचसाठी.

बाजू कोणती, हाही विचार हवा. बायोप्सीसाठी बहुतेक वेळा मानेच्या उजव्या शिरेतून आत जातात. पहिल्या महिन्यात ती साधारण दर आठवड्याला, मग अंतर वाढवत वर्षभर चालते. ती वाट मोकळी राहावी म्हणून पेसमेकर शक्यतो डावीकडे बसवतात. पण अण्णांच्या डावीकडे तीन वर्षं आयसीडीच्या तारा होत्या. अशा तारांमुळे शीर आतून अरुंद होऊ शकते आणि प्रत्यारोपणात यंत्र काढलं तरी तारेचा एखादा तुकडा शिरेत राहिलेला असू शकतो. आधी डाव्या शिरेत डाय सोडून चित्र काढणार का, एवढं विचारा. शीर बंद असेल तर दुसरा मार्ग आखता येतो, फक्त तो टेबलावर पोचण्याआधी आखलेला बरा. तार बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना तार नवी आहे हे ठाऊक असायला हवं. बायोप्सीचा चिमटा त्याच झडपेतून जातो ज्या झडपेतून खालची तार जाते, आणि ती झडप या रुग्णांत आधीच गळकी व्हायला टपलेली असते. अण्णांना खालची तार टाळता आली तर उत्तम, असं मी म्हणतो त्याचं हे दुसरं कारण.

आणि जंतुसंसर्ग. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या औषधांनी शरीराचा पहारा मुद्दाम ढिला केलेला आहे, म्हणूनच हृदय टिकलं आहे. त्याच कारणाने खांद्याखालची जखम हळू भरते आणि तिथे पू झाला तर तो तारेवरून थेट हृदयात उतरू शकतो. जखमेवर हळद, तूप, अंगारा काहीही लावायचं नाही. आईंना हे प्रेमाने सांगा, पण ठामपणे सांगा. लालसरपणा, ऊब, ओल किंवा अंगात ९९-१०० चा बारीक ताप आला तरी फोटो काढून पाठवा. स्टिरॉइड घेणाऱ्याला मोठा ताप येईलच असं नसतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि घामाने पट्टी भिजते. तेव्हा पंख्याखाली, कोरडं, सैल सुती कापड, एवढंच. डावा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. पण हात बांधूनही ठेवायचा नाही, नाहीतर खांदा आखडतो. जेवण, दाढी, शर्टाची बटणं, हे सगळं त्याच हाताने करावं.

तारेशिवायचा, कॅप्सूलएवढा पेसमेकरही आता मिळतो, तो मांडीच्या शिरेतून आत सोडतात. प्रत्यारोपण झालेल्यांत तो वापरला गेला आहे. जखम नाही, खिसा नाही, म्हणून आकर्षक वाटतो. पण तो सर्रास खालच्या कप्प्यात बसतो आणि अण्णांची गरज वर आहे. महागही आहे. मी तुमच्या जागी असतो तर त्यासाठी हट्ट धरला नसता.

एमआरआय चालेल असं यंत्र घ्या, आयुष्य पुढे मोठं आहे. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं जाते, नंतर फक्त डबी बदलतात. शासनाच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, बिल झाल्यावर नको.

आईंना आणखी एक खरी गोष्ट सांगा. माणसाच्या शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाच्या रुग्णाला बसवला. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढच्या आयुष्यात त्यांना वीसहून जास्त यंत्रं बदलावी लागली. ते २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होऊन जगले, आणि यंत्र बनवणारा इंजिनिअर व बसवणारा सर्जन या दोघांच्याही मागे राहिले. प्रत्यारोपणानंतर पेसमेकर लागलेल्या माणसांचं आयुष्य त्या यंत्रामुळे कमी होतं असं मोठ्या नोंदींमध्ये दिसलेलं नाही. आणि अनेकांत सहा महिन्यांनी, वर्षाने तपासलं तर गाठ सावरलेली असते, यंत्र नुसतं पहाऱ्याला बसलेलं असतं.

कारखान्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या मोटारी चालू असताना अण्णांनी तिथे उभं राहायला पेसमेकरची अडचण नाही. मोटारीपासून हातभर लांब राहायचं, अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यायचं, वेल्डिंग स्वतः करायचं नाही, मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही. मला त्या शेडमधली भीती वेगळी आहे: सुताची धूळ, ओल, कोपऱ्यातली बुरशी. पहारा ढिला असलेल्या फुप्फुसात बुरशीचा न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो पेसमेकरच्या कुठल्याही त्रासापेक्षा घातक आहे. पहिलं वर्ष शेडमध्ये जायचं नाही. हिशेब घरून बघू देत, मागाचा आवाज फोनवर ऐकू देत. नंतरही केंद्राने परवानगी दिली तर, आणि मास्क लावून.

औषधांचं थोडक्यात. ब्लडप्रेशरसाठी कुणी डिल्टियाझेम किंवा वेरापामिल लिहिलं तर दोन घोटाळे होतात, नाडी आणखी मंदावते आणि टॅक्रोलिमसची पातळी वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या अनेक गोळ्याही ती वाढवतात. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन ती इतकी खाली आणतं की रिजेक्शन ओढवतं. आपल्या भागात टीबी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. सोलापुरात डाळिंब घरोघर येतं, पण त्याचा रस रोज सुरू करण्याआधी केंद्राला विचारा, काही केंद्रं तो टाळायला सांगतात.

आता सगळ्यांत जवळची गोष्ट, जी माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलो. पंधराएक वर्षांपूर्वी प्रत्यारोपण झालेला एक तरुण रात्री चक्कर येऊन कॅज्युअल्टीत आला. नाडी ३६. फोनवर मीच सांगितलं, ॲट्रोपिन द्या, म्हणजे मंद नाडीवरचं नेहमीचं इंजेक्शन. दिलं, काही झालं नाही. पुन्हा द्या म्हटलं. गाडी चालवत जाताना मध्येच लक्षात आलं की ॲट्रोपिन फक्त लगाम सोडवतं, आणि या पोराच्या हृदयाला लगामच नाही. पोचल्यावर आयसोप्रेनलिन सुरू केलं, तात्पुरती तार टाकली, तो वाचला. पण ती वीस मिनिटं माझी चूक होती आणि मला ती अजून आठवते. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या सूचनांत आता स्पष्ट लिहिलं आहे की नसा पुन्हा उगवल्याचा पुरावा नसेल तर प्रत्यारोपित हृदयात मंद नाडीसाठी ॲट्रोपिन वापरू नये. उलट त्याने ब्लॉक वाढल्याची उदाहरणं आहेत. ॲडेनोसिन या इंजेक्शनचं दुसरं टोक: नाडी फार वेगवान झाली की ते देतात, पण नसा नसलेलं हृदय त्याला इतकं संवेदनशील असतं की नेहमीच्या डोसने ते बराच वेळ थांबू शकतं.

म्हणून एक कार्ड करा, लॅमिनेट करून अण्णांच्या पाकिटात आणि एक तुमच्या पर्समध्ये. त्यावर मोठ्या अक्षरांत: हृदय प्रत्यारोपण झाले आहे, तारीख. ॲट्रोपिन उपयोगाचे नाही. नाडी मंद असल्यास आयसोप्रेनलिन किंवा अ‍ॅड्रेनलिन, बाहेरून पेसिंग, आणि तात्पुरती तार. ॲडेनोसिन नेहमीच्या डोसमध्ये नको. छातीत दुखत नसले तरी हृदयविकार असू शकतो. खाली केंद्राचा चोवीस तासांचा नंबर. रात्री ड्यूटीवर असलेला निवासी डॉक्टर हुशार असतो, पण त्याने असा रुग्ण कदाचित कधी पाहिलेला नसतो. तुम्ही कार्ड पुढे केलंत की त्याची वीस मिनिटं वाचतील.

पुढच्या आठवड्यात पुण्यात डॉक्टरांना भेटाल तेव्हा ऑपरेशन नोट, सगळे ईसीजी तारखेप्रमाणे लावलेले आणि अण्णांच्या नाडीची वही बरोबर असू द्या. वही आजपासून सुरू करा: सकाळी उठल्यावर, जिना चढल्यावर लगेच, आणि पाच मिनिटं बसल्यावर, असे रोज तीन आकडे. मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं, घड्याळातल्या ॲपवर नाही. जिन्यावरचा आकडा ५५ चा ६५, ६५ चा ७५ होत चालला असेल तर डॉक्टर कदाचित आणखी थोडं थांबायचं म्हणतील. तो हललाच नसेल तर पेसमेकरला हो म्हणा, आणि सही करण्याआधी वरची तार, बाजू आणि डाव्या शिरेचं चित्र, हे तीन प्रश्न विचारून घ्या. मोजायचं काम आईंकडे द्या. रोज सकाळी त्या हृदयाचे ठोके त्यांच्या बोटांखाली लागू देत.